ऐकणारीची लेखणी : स्त्रियांच्या तुरुंगलेखनातील ‘मी’चे स्वरूप

सारांश

मराठी वाङ्मयेतिहासात तुरुंगलेखनाचा विचार प्रामुख्याने थोर पुरुषांच्या आत्मनिवेदनाच्या अंगाने झालेला आहे. महाराष्ट्राशी संबंधित स्त्रियांच्या तुरुंगविषयक गद्यात निवेदक ‘मी’ मागे सरतो आणि तिच्यासोबत कोंडलेल्या अनाम स्त्रिया कथनाच्या मध्यभागी येतात. या बदलाची कारणे, त्यातून घडलेला वाङ्मयीन आकार आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पॅलेस्टिनी स्त्रियांच्या अशाच लेखनाचा तुलनेसाठी आधार घेतला असून अखेरीस नंदुरबार जिल्ह्यातील अलिखित अनुभवांविषयी एक प्रश्न उपस्थित केला आहे.

१. प्रास्ताविक

प्रत्यक्ष घडलेले, कल्पनेने न रचलेले, परंतु रचनेत, निवडीत आणि भाषेत ललित साहित्याची दृष्टी बाळगणारे गद्य अलीकडे ‘सर्जनशील ललितेतर गद्य’ या नावाने ओळखले जाते. नाव नवे असले तरी वस्तू मराठीला नवी नाही. आत्मकथन, व्यक्तिचित्र, रोजनिशी, प्रवासवर्णन आणि अनुभवकथन हे प्रकार आपल्याकडे दीर्घकाळ रुजलेले आहेत. तुरुंगातून बाहेर आलेल्या व्यक्तीचे लेखन या सर्व प्रकारांच्या सीमेवर उभे असते. त्यात साक्ष असते, आठवण असते, तक्रार असते. आणि लिहिणारीजवळ सामर्थ्य असेल तर साहित्यही असते.

बार्बरा हार्लो यांनी ‘बार्ड’ (१९९२) या ग्रंथात राजकीय कारणांसाठी स्थानबद्ध झालेल्या स्त्रियांच्या लेखनाचा स्वतंत्र विचार केला. मराठीत मात्र अशा लेखनाकडे चळवळीच्या इतिहासाचे साधन म्हणूनच पाहिले जाते. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला व ते अभ्यासक्रमांतून वाचले गेले. त्यांच्या ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या पुस्तकाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. एकाच लेखिकेची ही दोन पुस्तके. एक साहित्य ठरले आणि दुसरे कागदपत्र. ही विभागणी कोणत्या निकषावर झाली, हा येथे मूळ प्रश्न आहे.

२. तुरुंगात लिहिलेले आणि तुरुंगाविषयी लिहिलेले

मराठी ग्रंथसंपदेचा मोठा भाग तुरुंगात जन्माला आला. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या बंदिवासात लिहिले गेले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. खानदेशाला विशेष जवळचे उदाहरण धुळ्याचे आहे. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबांनी रविवारी एकेका अध्यायावर गीतेची प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. या सर्व ग्रंथांना तुरुंगाने अवकाश दिला, परंतु तुरुंग हा त्यांचा विषय नव्हे. भिंतींच्या आत बसून लेखकाची दृष्टी भिंतींपलीकडे, वर किंवा मागे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे किंवा बालपणाकडे लागलेली आहे.

सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ (१९२७) मध्ये तुरुंग हा स्वतःच विषय झाला. अंदमानातील व्यवस्थेचे व सहबंद्यांचे विपुल तपशील त्यात आहेत. तरीही कथनाची मुख्य धारा निवेदकाच्या मनोनिग्रहाची आहे. इतर माणसे त्या निग्रहाच्या भोवती येतात. शीर्षकातील ‘माझी’ हा शब्द या दृष्टीने बोलका आहे. मराठी समीक्षेने तुरुंगलेखनाचा आदर्श म्हणून पुढे हाच आकार मनात धरला. एकटा, निश्चयी, अखेरीस विजयी होणारा ‘मी’ जेथे नाही तेथे वाङ्मयीन उंची नाही, असे जणू गृहीत धरले गेले.

धुळ्याच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘गीता प्रवचने’ हे सांगितलेले आणि ऐकून लिहिलेले पुस्तक आहे. बोलणारा ज्ञानी आहे, ऐकणारे बंदी आहेत आणि लिहिणारा हा ऐकणाऱ्यांपैकीच एक आहे. स्त्रियांच्या तुरुंगलेखनात हीच तीन स्थाने आढळतात. पण त्यांवर बसणारी माणसे बदललेली असतात.

३. येरवडा : निवेदिकेचे मागे सरणे

सुधा भारद्वाज यांचे ‘फ्रॉम फाशी यार्ड’ हे इंग्रजी पुस्तक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. छत्तीसगडमधील कामगार चळवळीत अनेक वर्षे काम केलेल्या या वकील कार्यकर्तीला ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली. काही काळ घरातच स्थानबद्धता, त्यानंतर फेब्रुवारी २०२० पर्यंत पुण्याचा येरवडा महिला तुरुंग, पुढे मुंबईतील भायखळा, आणि डिसेंबर २०२१ मध्ये जामिनावर सुटका, असा हा क्रम आहे. पुस्तक येरवड्याच्या काळाविषयी आहे आणि ते प्रसिद्ध झाले तेव्हा खटला पूर्ण झालेला नव्हता.

अशा पुस्तकाकडून वाचक स्वाभाविकपणे आरोप, पुरावे, अन्याय आणि लेखिकेची मनःस्थिती यांची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात पुस्तकाचा गाभा शहात्तर स्त्रियांच्या छोट्या छोट्या व्यक्तिचित्रांचा आहे. फाशीची शिक्षा झालेल्या स्त्रियांसाठी राखलेल्या विभागातील कोठडीत लेखिकेला इतरांपासून वेगळे ठेवले होते. त्यामुळे तिला बराकीतील स्त्रिया दिसतात त्या गजांमधून, येता-जाता, कानावर पडणाऱ्या बोलण्यातून. कोठडीची ही मर्यादाच पुस्तकाचा आकार ठरवते. कोणाचेही संपूर्ण चरित्र येथे नाही, कारण कोणाचेही संपूर्ण चरित्र त्या गजांतून दिसत नव्हते. जेवढे दिसले तेवढेच लिहिण्याचा हा संयम त्या पुस्तकाचा पहिला वाङ्मयीन गुण होय.

या व्यक्तिचित्रांच्या घडणीमागे आणखी एक लेखनप्रकार उभा आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तो म्हणजे अर्ज. बंदिवासात असताना सहबंदी स्त्रियांना कायदेविषयक अर्ज लिहून देण्याचे काम भारद्वाज यांनी केले. अर्जात काय असते? बाई कोण, कोठली, कोणत्या गुन्ह्याखाली आली, घरी कोण आहे, मुले कोणाजवळ आहेत, तारीख कधी पडली, आणि आता तिचे मागणे काय. विशेषणांना अर्जात जागा नसते. दोन-तीन परिच्छेदांत एक अख्खे आयुष्य न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. या पुस्तकातील चित्रांना आलेली कोरडी, नेमकी आणि म्हणूनच परिणामकारक भाषा या शिस्तीतून आली असावी. अर्जाला मिळालेले हे ललित रूप मराठी व्यक्तिचित्रांच्या परंपरेशीही ताडून पाहण्याजोगे आहे. आपल्याकडील व्यक्तिचित्रांत माणसाच्या लकबी रंगवण्याकडे कल असतो. येथे लकबीपेक्षा माणसाची अडचण आधी येते.

निवेदिका मागे का सरते याची कारणे केवळ तिच्या स्वभावात शोधणे पुरेसे नाही. पहिले कारण तुरुंगाच्या रचनेत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशातील एकूण बंद्यांत स्त्रियांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आहे. संख्या अल्प असल्याने स्त्रियांसाठी स्वतंत्र तुरुंग मोजके आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी पुरुषांच्या तुरुंगातील एक कोपरा भिंत घालून त्यांना दिलेला असतो. राजबंद्यांचा वेगळा वर्ग, वेगळे वाचनमंडळ, वेगळी पंगत अशी पुरुषांच्या तुरुंगात संभवणारी व्यवस्था येथे दुर्मीळ असते. चळवळीतली सुशिक्षित बाई आणि हुंडाबळीच्या खटल्यातली सासू, चोरीच्या आरोपातली भटकी बाई आणि सहा वर्षांच्या आतले मूल कडेवर घेऊन आलेली आई, या साऱ्या एकमेकींच्या दृष्टीच्या टप्प्यात राहतात. तेव्हाच्या बिहारमधील तुरुंगांत पाच वर्षे काढलेल्या मेरी टायलर या ब्रिटिश स्त्रीच्या १९७७ सालच्या पुस्तकातही याच कारणाने सहबंदी स्त्रियांना मोठी जागा मिळालेली दिसते.

दुसरे कारण सामाजिक आहे. चळवळीत तुरुंगवास भोगून परतलेल्या पुरुषाच्या गळ्यात हार पडतात. त्याचे कथन ऐकायला श्रोते सज्ज असतात. सामान्य गुन्ह्याखाली आत गेलेल्या बाईला घराचा उंबरठा पुन्हा मिळेल याची खात्री नसते. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी हे न्यायाधीन, म्हणजे तुरुंगाच्या भाषेत ‘कच्चे कैदी’ आहेत. गुन्हा सिद्ध होण्याआधीच त्या बाईची गोष्ट घरादारासाठी संपलेली असते. लिहू शकणारी स्त्री जेव्हा तिच्या शेजारी येऊन पडते तेव्हा आपल्या कथनापेक्षा हे कथन अधिक निकडीचे आहे, याची जाणीव तिला होते.

४. कथा की वस्तुस्थिती?

नंदिनी ओझा या नर्मदा बचाओ आंदोलनाच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या होत्या. त्यांचे ‘व्हिदर जस्टिस : स्टोरीज ऑफ विमेन इन प्रिझन’ हे पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारद्वाज यांनी व्यक्तिचित्राचा मार्ग निवडला, तर ओझा यांनी तुरुंगातील स्त्रियांची जीवने कथांच्या रूपात मांडली. येथे एक जुना वाद पुन्हा उभा राहतो. कथेचे रूप दिले की साक्षीचे मोल कमी होते काय?

या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येणार नाही. कथारूपामुळे त्या स्त्रीची ओळख झाकली जाते. आणि जिचा खटला चालू आहे किंवा जिला परत गावात राहायचे आहे तिच्यासाठी हे झाकणे हीच पहिली नीती आहे. मात्र कथेला आदी, मध्य व अंत लागतो. प्रत्यक्ष तुरुंगातील बाईच्या आयुष्याला असा अंत नसतो. तिची तारीख पुढे जाते. कथेने त्या तारखांना अर्थ दिला की वाचकाला समाधान मिळते, आणि हे समाधान त्या बाईला कधीच मिळालेले नसते. व्यक्तिचित्र अर्धवट सोडता येते, कथा सोडता येत नाही. या दृष्टीने पाहता ललितेतर गद्याचा अपुरेपणा हा तुरुंगाच्या वास्तवाला अधिक प्रामाणिक ठरतो, असे मत येथे मांडावेसे वाटते.

मराठी वाचकाला या अनेकवचनी कथनाची ओळख वास्तविक पूर्वीच झालेली आहे. बेबीताई कांबळे यांनी आपल्या आत्मकथनाला ‘जिणं आमुचं’ असे नाव दिले. त्यातील ‘आमुचं’ हा शब्द ‘माझी’च्या शेजारी ठेवून पाहिला की दोन परंपरांतील अंतर स्पष्ट होते. स्त्रियांच्या तुरुंगलेखनाचे नाते या दुसऱ्या परंपरेशी आहे.

५. पॅलेस्टाईन : उशिरा आलेले शब्द

तुलनेसाठी पॅलेस्टिनी स्त्रियांचे लेखन पाहणे उद्बोधक ठरेल. रामल्लाजवळील देर जरीर गावच्या आयशा ओदेह यांना १९६९ मध्ये अटक झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत जेरुसलेममधील एका सुपरमार्केटात झालेल्या बॉम्बस्फोटात दोन तरुण विद्यार्थी मृत्युमुखी पडले होते. त्या प्रकरणात त्यांना जन्मठेप झाली आणि १९७९ मध्ये बंद्यांच्या अदलाबदलीत त्या सुटल्या. त्यांचे ‘स्वातंत्र्याची स्वप्ने’ अशा अर्थाच्या नावाचे अरबी पुस्तक २००४ मध्ये आले आणि ‘सूर्यासाठी मोजलेली किंमत’ अशा अर्थाचे दुसरे २०१२ मध्ये. २०१५ मध्ये त्यांना तुरुंगसाहित्यासाठी इब्न रुश्द पुरस्कार मिळाला.

अटक आणि पहिले पुस्तक यांत पस्तीस वर्षांचे अंतर आहे. चौकशीच्या काळात झालेला शारीरिक आणि लैंगिक स्वरूपाचा छळ या लेखनात उघडपणे मांडला आहे. ज्या समाजात कुटुंबाची प्रतिष्ठा स्त्रीच्या देहाशी बांधलेली असते तेथे असे शब्द उच्चारण्यास किती काळ लागतो, हे त्या पस्तीस वर्षांवरून समजते. आपल्या समाजाची स्थिती या बाबतीत वेगळी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आयशा यांच्या कथनात ‘मी’ केंद्रस्थानी आहे, कारण येथे लिहिणारीचा स्वतःचा देहच साक्षीदार आहे. त्यामुळे ‘स्त्रियांचे तुरुंगलेखन म्हणजे नेहमीच समूहाचे लेखन’ असा सुटसुटीत सिद्धान्त मांडता येत नाही. त्याचबरोबर समीक्षकाने येथे एक जबाबदारी टाळता कामा नये. बंदिनीच्या वेदनेची साक्ष खरी मानणे आणि त्या स्फोटात मेलेल्या दोघांचे स्मरण ठेवणे या गोष्टी परस्परविरोधी नाहीत. छळ हा आरोपाच्या स्वरूपावरून समर्थनीय किंवा असमर्थनीय ठरत नाही, आणि छळ सोसल्याने मूळ कृत्याचा प्रश्नही मिटत नाही.

दारीन ततूर या कवयित्रीला समाजमाध्यमावर प्रसिद्ध केलेल्या कविता व मजकुरावरून २०१५ मध्ये अटक झाली. २०१८ मध्ये पाच महिन्यांची शिक्षा झाली, आणि २०१९ मध्ये वरच्या न्यायालयाने कवितेविषयीचा दोषारोप रद्द केला. त्यांनीही आपल्या बंदिवासाचे अनुभवकथन लिहिले. खालिदा जर्रार यांचे उदाहरण येरवड्याला अधिक जवळचे आहे. पॅलेस्टिनी विधिमंडळाच्या सदस्य असलेल्या जर्रार यांनी तुरुंगात मुलींसाठी शालान्त परीक्षेचे वर्ग चालवले आणि आपल्या लेखनात त्या वर्गांना जागा दिली. जुलै २०२१ मध्ये त्यांची मुलगी वारली तेव्हा त्या तुरुंगात होत्या आणि अंत्यविधीला जाण्याची अनुमती त्यांना मिळाली नाही. शिकवणारी, अर्ज लिहून देणारी, पत्र वाचून दाखवणारी अशी ही स्त्री दोन्हीकडे सारखीच भेटते. तुरुंगात साक्षरता हे एक सामाजिक काम होते, आणि त्या कामातूनच लेखन उगवते.

६. मर्यादा

या लेखनाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादा नजरेआड करणे योग्य होणार नाही. धुळ्याच्या ग्रंथात ज्ञानी बोलतो आणि बंदी ऐकतात. येरवड्याच्या पुस्तकात बंदी स्त्रिया बोलतात आणि विदुषी ऐकते. ही दिशा उलटणे महत्त्वाचे खरे. परंतु लेखणी दोन्ही ठिकाणी शिकलेल्याच हातात राहते. कोणती स्त्री पुस्तकात यावी, तिच्या बोलण्यातील कोणते वाक्य ठेवावे, तिच्या मौनाचा अर्थ काय लावावा, हे ठरवणारी ऐकणारीच असते. शिवाय येरवड्यातील स्त्रिया मराठी, हिंदी, अहिराणी किंवा भटक्या जमातींच्या बोलींत बोलत असतील. वाचकापर्यंत त्या पोहोचतात इंग्रजीतून. त्यांच्या शब्दांची चव, शिवी, ओवी, हेल हे सारे त्या वाटेत गळून पडते.

शहादा परिसरातील चळवळीतून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत हाच प्रश्न फार आधी विचारला आहे. ज्यांचे दुःख, त्यांना व्यासपीठावर बोलावलेच जात नाही आणि त्यांचे दुःख त्यांनाच इतरांकडून ऐकावे लागते, हा त्या कवितेचा आशय. सर्जनशील ललितेतर गद्याच्या कोणत्याही अभ्यासकाने हा आक्षेप आपल्या टेबलावर कायम ठेवला पाहिजे.

७. नंदुरबारचा प्रश्न

येथून विचार आपल्या जिल्ह्याकडे वळतो. १९७२ नंतर शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेच्या काळात भिल्ल स्त्रियांनी दारूविरोधी लढा उभारला. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे आली; मणिबेली आणि डोमखेडी येथील सत्याग्रहांत स्त्री-पुरुषांना वारंवार अटक झाली. म्हणजे तुरुंग पाहिलेल्या स्त्रिया या जिल्ह्यात आहेत. त्यांचे लेखन मात्र नाही.

नंदिनी ओझा यांचे ‘लढा नर्मदेचा’ (२०१७) हे मौखिक इतिहासाचे मराठी पुस्तक आपल्याच जिल्ह्यातील केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे या आदिवासी नेत्यांच्या कथनावर उभे आहे. तेथे सांगणाऱ्याचे नाव, त्याचा स्वर आणि त्याचा क्रम जपलेला आहे. ज्या लेखिकेने तुरुंगातील स्त्रियांच्या कथा लिहिल्या तिनेच पुढे ही पद्धत वापरली, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे. कथेकडून कथनाकडे, ‘तिच्याविषयी’कडून ‘तिच्या तोंडून’कडे जाण्याचा मार्ग येथे दिसतो. भिल्ली, पावरी, मावची या बोलींतील तुरुंगाच्या आठवणी याच पद्धतीने टिपता येतील.

‘जे लिहिता येत नाही ते साहित्य कसे?’ असा आक्षेप यावर येऊ शकतो. खानदेशात तरी तो टिकणारा नाही. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती ग्रंथरूप झाली. आज आपले विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. धुळे तुरुंगातील प्रवचनेही टिपलेलीच आहेत. ऐकून लिहिलेल्या दोन ग्रंथांना ज्या प्रदेशाने मान दिला त्याने तिसऱ्याला केवळ ‘मुलाखत’ म्हणून बाजूला सारणे सुसंगत ठरणार नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी समोर येतात. पहिली, तुरुंगलेखनाचे मूल्यमापन केवळ निग्रही ‘मी’च्या निकषावर केल्यास स्त्रियांच्या लेखनाचा मोठा भाग समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. दुसरी, या लेखनातील संक्षेप, अपुरेपणा आणि निवेदिकेचे मागे राहणे हे दोष नसून तुरुंगाच्या रचनेतून आणि ऐकण्याच्या नीतीतून घडलेले गुण आहेत. तिसरी, आयशा ओदेह यांच्यासारख्या लेखनात ‘मी’ अटळ ठरतो. म्हणून समूहकथनालाही नियमाचे रूप देता येणार नाही. चौथी, ऐकणारीच्या लेखणीची सत्ता ही या प्रकाराची मूलभूत अडचण असून सांगणारीच्या बोलीचा आणि संमतीचा आदर केल्याशिवाय ती कमी होणार नाही.

व्यवहाराच्या पातळीवर महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांना एकत्रितपणे काही करता येईल. सांगणारीची संमती घेऊन, तिला हवे असल्यास नाव झाकून, मूळ बोलीतील कथन एका बाजूस आणि मराठी रूप दुसऱ्या बाजूस असे संकलन पदव्युत्तर प्रकल्पांतून होऊ शकते. त्याची एक प्रत सांगणारीच्या घरी राहिली पाहिजे, आणि तिने नको म्हटलेला मजकूर कोणत्याही कारणासाठी छापला जाऊ नये. मणिबेलीच्या सत्याग्रहात तिशीत असलेली स्त्री आज साठी ओलांडून गेली आहे. या कामाला उशीर करण्याइतका वेळ आपल्या विभागांजवळ असेलही, तिच्याजवळ तो नाही.